तगरीवरची पाहणी

१९७१ सालच्या जून महिन्यात, मृगाच्या पहिल्या सरींनी सड्यावरचा जांभा काळवंडू लागला असता, दप्तराचे दोन रुमाल, एक वळकटी आणि बदलीचा हुकूम एवढ्या सरंजामानिशी मी वेळणेश्वरी तलाठी म्हणून रुजू झालो. गुहागर तालुक्यातील हे गाव शास्त्री नदीच्या मुखाच्या उत्तरेस, डोंगराच्या दोन बाहूंनी सामावून घेतलेल्या अर्धचंद्राकृती पुळणीच्या काठी वसलेले आहे. पुळणीला लागून माडांची आगरे, आगरांच्या सावलीत वेळणेश्वराचे पुरातन देवालय, आणि तेथून वर चढत गेलेल्या पाखाडीच्या दोहो अंगांस चिऱ्यांचे गडगे घातलेली घरे. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते आणि ज्यांचे हे कुलदैवत ती कुटुंबे दूरदूरहून दर्शनास येतात. एरवी समुद्राच्या गाजेवाचून दुसरा आवाज म्हणून नसे. पाखाडीवरच्या अशाच एका घराच्या पडवीत मी बिऱ्हाड केले. घरात एक वृद्ध विधवा एकट्याच राहत. मुलगा मुंबईस नोकरीला. सारा गाव त्यांना आजी म्हणे, मीही म्हणू लागलो. आणि मी वयाने त्यांच्या नातवाएवढा असूनही, हुद्द्याचा मान राखून त्या मला भाऊसाहेब म्हणत.

विहिरीपाशी एक तांबडी कण्हेर आणि खळ्याच्या कडेला दोन तगरी, एवढीच त्या घरची फुलबाग. पहाटे परडी घेऊन आजी तगरीची पांढरी फुले वेचीत आणि देवळात नेऊन पिंडीवर वाहत. हा नेम त्यांच्या लग्नापासूनचा होता, असे त्या सांगत. (वैद्य ज्याला तगर म्हणतात ते औषध निराळे, ते हिमालयातील एका वनस्पतीचे सुगंधी मूळ असते. नाव एक म्हणून वस्तू एक, असे समजणाऱ्यांची फसगत होते, आणि दप्तराच्या कामात ही फसगत मी पुष्कळदा पाहिली आहे.)

आता माझ्या कामाविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्या काळी पीकपाहणी म्हणजे तलाठ्याने हंगामात प्रत्येक सर्व्हे नंबरात स्वतः जाऊन, बांधावर उभे राहून, कोणते पीक किती क्षेत्रात उभे आहे, पडीक किती, कसणारा कोण, हे डोळ्यांनी पाहावे आणि गाव नमुना बारामध्ये त्याची नोंद घ्यावी. कायद्याचा हेतू इतका स्वच्छ होता. परंतु जेथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी कोसळते, वरकस जमिनी डोंगराच्या माथ्यावर आणि भाताची खाचरे दरीच्या तळाशी असतात, तेथे पाहणीस निघालेल्या तरुण तलाठ्याला चावडीची कोरडी घोंगडी सोडवत नाही, आणि गतसालचा नमुना समोर असला म्हणजे त्यावरून यंदाचा उतरून काढण्याचा मोह अनावर होतो. त्या पहिल्या खरिपात मी त्या मोहास बळी पडलो. सगळ्याच नंबरांच्या बाबतीत नव्हे, पण वरच्या सड्यालगतच्या बहुतेक नंबरांत मी पाऊल न टाकता नागली आणि वरी लिहून मोकळा झालो.

श्रावण निम्मा सरला असेल. एके सकाळी आजींनी मला खळ्यात बोलावले. तगरीखालच्या चिऱ्यांवर मिरीच्या दाण्याएवढ्या, गडद हिरव्या, अंगावर खाचा असलेल्या लेंड्यांचा सडा पडला होता, आणि वर पाहावे तो झाडाच्या शेंड्यांना पाने म्हणून उरली नव्हती. "भाऊसाहेब," आजी म्हणाल्या, "सरकारातून कसलीशी भुकटी मिळते म्हणतात. आमच्या तगरीचे तेवढे बघा हो. देवाला वाहायला फूल राहिले नाही." भातावरच्या किडीसाठी त्या काळी बी. एच. सी. भुकटी सर्रास वाटली जाई. माझ्याकडे ती अर्धी पिशवी होती. मी वर मान करून अळ्या किती, कशा, कोणत्या, हे पाहिलेदेखील नाही. दोन ओंजळी भुकटी फडक्यातून झाडावर झटकली आणि हात धुऊन दप्तराकडे वळलो. दुसऱ्या दिवशी झाडाखाली बोटाएवढ्या जाड, मऊ, हिरव्या अळ्या निपचित पडलेल्या आजींनी सुपात भरून टाकल्या. सूप त्यांनी दोनदा भरले. तगरीच्या ज्या फुलांसाठी हे केले, त्यांवर भुकटी बसली म्हणून पुढे कितीतरी दिवस ती फुलेही देवाला गेली नाहीत.

त्याच वर्षी आश्विनात, रात्री कंदिलाच्या उजेडात त्या न पाहिलेल्या नंबरांचे नमुने मी पुरे करीत असता, काचेवर काहीतरी जड आदळले आणि नमुन्याच्या कागदावरच येऊन बसले. वीतभर नव्हे, पण पंख पसरले तर चार बोटांहून रुंद भरेल, असा तो एक पतंग होता. त्याचा हिरवा वर्ण एका छटेचा नव्हता. शेवाळ चढलेल्या गडग्याचा, नुकत्या फुटलेल्या पोफळीच्या कोंबाचा, भर भाद्रपदातील डोंगराच्या सावलीतल्या अंगाचा, असे कितीतरी हिरवे त्यात एकमेकांत मिसळले होते आणि त्यांच्यामधून गुलाबी, फिकट जांभळ्या नि पांढरट लाटा आडव्या वाहत गेल्या होत्या. जाणत्या विणकराने जन्मभराचे कसब एका पैठणीत ओतावे, तसे ते पंख होते. तो बसल्याजागी पंख थरथरवू लागला, इतके वेगाने की कागद हलू लागला, आणि क्षणार्धात बाहेरच्या अंधारात नाहीसा झाला. त्या रात्री माझ्या हातून पुढे एक ओळ लिहून झाली नाही. एवढी सुंदर वस्तू या गावात राहते आणि आपण तिचे नावही जाणत नाही, याची हुरहुर वाटली; पण श्रावणातल्या सुपाशी तिचा काही संबंध असेल, हे स्वप्नातही आले नाही.

पुढील वर्षी आषाढाच्या अखेरीस पुन्हा त्या लेंड्या दिसू लागल्या. भुकटीची पिशवी शिल्लक होती. पण या वेळी, का कोण जाणे, आधी पाहावे असे वाटले. स्टूल मांडून मी तगरीत डोके घातले आणि अर्धी घटका मला काहीएक दिसले नाही. मग पानाच्या देठाला धरून असलेले एक पान वास्तविक पान नाही, हे ध्यानी आले. आणि एकदा ते आल्यावर डोळ्यांवरचा पडदा सरावा तशा एकामागून एक अकरा अळ्या मोजल्या. अंग तगरीच्या पानासारखे हिरवे, कुशीने एक पांढरी रेघ, तिच्या दोहो बाजूंस सूक्ष्म पांढरे ठिपके, शेपटीकडे आखूड पिवळसर शिंग. मी काडीने स्पर्श करताच एकीने डोके खाली आत ओढून घेतले, मानेमागचा भाग फुगवला, आणि तेथे काळ्या कडांचे दोन निळे-पांढरे डोळे उघडले. ते खरे डोळे नव्हेत हे कळत असूनही मी हात मागे घेतला. झाडात शिरणारी चिमणी किंवा दयाळ तसाच मागे सरत असला पाहिजे.

त्यांतील दोन अळ्या मी एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधून ठेवल्या आणि पीकपाहणीच्या जुन्या वहीची कोरी पाठपाने त्यांच्या नोंदीसाठी राखून ठेवली. रकाने तेच होते, म्हणून ते तसेच वापरले: तारीख, क्षेत्र, पिकाची स्थिती, शेरा. वेळणेश्वरी काढलेल्या पुढल्या तीन पावसाळ्यांत त्या वहीची साठ पाने भरली. मादी एकेक अंडे सुटे घालते. मोहरीएवढे, फिकट हिरवे, गुळगुळीत, कोवळ्या पानावर, बहुधा खालच्या अंगास. अंड्यातून निघालेली अळी पिवळसर असते आणि तिच्या इवल्या देहाला न शोभणारे लांब काळे शिंग तिला असते. कात टाकता टाकता देह वाढतो आणि शिंग खुजे होत जाते. लहानपणी ती पानाच्या पाठीला चिकटून असते, मोठी झाल्यावर दिवसा झाडाच्या आतल्या, दाट भागात दडते. चार वेळा कात टाकून, माझ्या डब्यात सोळा ते वीस दिवसांत, ती पुरी वाढते. मग एके दिवशी खाणे थांबते, पाठीवरचा हिरवा रंग मावळून काळपट तपकिरी होतो, आणि आतापर्यंत फांदी न सोडणारी ही अळी जमिनीवर उतरून भराभर चालू लागते. पहिल्यांदा हा पालट पाहिला तेव्हा ती मरणार असे मी शेऱ्यात लिहिले होते. शेरा नंतर खोडावा लागला. पाचोळ्याखाली दोन-चार पाने विरळ धाग्यांनी जोडून ती आत कोष होते. बोटाच्या दोन पेरांएवढा, तपकिरी, कुशीला काळ्या ठिपक्यांची रांग असलेला.

पहिल्या दोन कोषांपैकी एकातून पतंग निघालाच नाही. त्याला भोक पाडून राखी, केसाळ माश्या बाहेर आल्या. त्यांच्या आईने अळी जिवंत असतानाच तिच्या देहावर आपली अंडी टाकली होती. दुसरा तेराव्या रात्री उघडला. ओल्या चिंधीसारखे दिसणारे काहीतरी डब्याच्या भिंतीवर चढले, उलटे टांगले, आणि घटकाभरात त्या चिंधीतून शेवाळाचा, कोंबाचा, भाद्रपदाचा तो हिरवा, त्या गुलाबी लाटा हळूहळू उलगडल्या. माझ्या कागदावर गतसाली येऊन बसलेला पाहुणा तो हाच. आजी कंदील धरून उभ्या होत्या. मी त्यांना गतसालचे सूप आठवते का, असे विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तेव्हा कोणी सांगितले असते तर!" सांगणारा मीच असावयास हवा होतो. गावात पाहण्यासाठी सरकार ज्याला पगार देत होते, तो मीच होतो.

त्यानंतर त्या घरात भुकटी आली नाही. खाऊन गेलेल्या तगरीला महिन्याभरात नवी पालवी फुटते, हे दुसऱ्याच वर्षी ध्यानात आले. तेव्हा दोन तगरींपैकी विहिरीकडची आजींनी अळ्यांना सोडून दिली आणि दुसरी देवाला राखली. त्या झाडावर चुकून आलेली अळी त्या स्वतः पानासकट खुडून पलीकडच्या झाडावर नेऊन ठेवीत.

या पतंगाचे शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. नेरियम म्हणजे कण्हेर. १७५८ साली लिनियसने आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली ती कण्हेरीच्या नावाने, कारण युरोपात तो मुख्यतः कण्हेरीवर वाढतो. आफ्रिका आणि दक्षिण आशिया ही त्याची मूळ वस्ती; तेथून तो उन्हाळ्यात समुद्र आणि पर्वत ओलांडून उत्तर युरोपपर्यंत जातो आणि थंडीत तिकडेच मरतो. १९७४ साली तो हवाई बेटांवर आढळला. आपल्याकडे मात्र मी त्याला कण्हेरीपेक्षा तगरीवर अधिक पाहिले आहे, आणि सदाफुलीवरही. सायंकाळी तो जाईसारख्या सुगंधी फुलांसमोर हवेत स्थिर राहून, लांब सोंड फुलात घालून मध पितो. फुलावर बसत नाही. उडण्यापूर्वी तो जे थरथरतो ते छातीतील स्नायू तापवण्यासाठी. ते तापल्याशिवाय इतका जड देह हवेत उचलला जात नाही. एक मेलेला पतंग मी टाचणीने पेटीत लावून ठेवला होता. दोन पावसाळ्यांत त्याचा हिरवा वर्ण उडून तो वाळल्या गवताच्या रंगाचा झाला. ज्याला तो हिरवा पाहावयाचा असेल त्याने तो जिवंत पाहावा.

कण्हेरीविषयी मला वर्षानुवर्षे एक कोडे पडले होते. संस्कृतात करवीर म्हणून जी पूजेला मान्य, तिलाच अश्वमारक हेही नाव आहे, आणि ते यथार्थ आहे: पान, फूल, साल, मूळ, सर्वत्र तिच्यात हृदयाची गती बिघडवणारे विष भरलेले असते, आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत. मग ही अळी ती पाने भरभरून कशी खाते? पेशीच्या पापुद्र्यात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी जी यंत्रणा असते, ती हे विष बंद पाडते. विषारी चिकाच्या झाडांवर वाढणाऱ्या काही फुलपाखरांत ती यंत्रणाच बदलून गेली आहे, म्हणून त्यांना बाधा होत नाही. आमच्या पतंगाची गोष्ट निराळी निघाली. हँबुर्ग येथील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की याची यंत्रणा इतर कीटकांसारखीच नाजूक आहे, पण त्याच्या मज्जारज्जूभोवतालचे आवरण विषाला आत शिरू देत नाही. निवृत्तीनंतर हे वाचले तेव्हा, चाळीस वर्षांनी एखाद्या जुन्या प्रकरणाचा निकाल लागावा, असे समाधान झाले.

दुसरे समाधान त्याहून आधीचे. एका रजेत मुंबईस गेलो असता, एका ओळखीच्या गृहस्थांच्या शिफारशीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ग्रंथालयात एक दुपार घालवण्याची संधी मिळाली. तेथे बेल आणि स्कॉट यांचा १९३७ साली प्रसिद्ध झालेला, ब्रिटिश हिंदुस्थानातील याच कुळातल्या पतंगांवरचा ग्रंथ माझ्यासमोर ठेवला गेला, आणि माझ्या वहीतील कितीतरी गोष्टी त्यात कितीतरी चांगल्या रीतीने लिहिलेल्या आढळल्या. थॉमस बेल हा जंगलखात्याचा अधिकारी. कारवारला नोकरी केली, निवृत्तीनंतर तेथेच राहिला आणि १९४८ साली तेथेच वारला. त्याला या मार्गाला लावणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकिन साताऱ्यास जन्मलेला, जकात आणि मीठ खात्याचा अंमलदार. १८८३ साली ज्या आठ जणांनी ही संस्था स्थापिली त्यांतील तो एक, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही त्याच आठांत. एटकिनची नेमणूक काही काळ रत्नागिरीसही होती. बेल आणि एटकिन या दोघांनी डेव्हिडसन नावाच्या कलेक्टरासमवेत उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर मिळून लिहिले. जिल्ह्याचा कलेक्टर, मिठाचा अंमलदार, जंगलचा अधिकारी! परक्या राज्याचे नोकर होते खरे, आणि ज्या महसुलासाठी ते आले होते त्याने आमच्या खाजण-शेतकऱ्यांचे काय झाले हे मी दप्तरात वाचले आहे. तरीही नोकरीच्या फिरतीत गडग्यावरच्या अळीसाठी घोडा थांबवणारा माणूस मला परका वाटला नाही.

१९७२ च्या खरिपात, म्हणजे डब्यातला पहिला पतंग उडाला त्या वर्षी, मी इरले डोक्यावर घेऊन कोतवालासह सड्यालगतचे सगळे नंबर पायी हिंडलो. जेथे मी नागली लिहिली होती तेथे कित्येक नंबरांत केवळ गवत होते. आणि एका खाचरात, जेथे वर्षानुवर्षे एका पुरुषाचे नाव कसणारा म्हणून उतरत आले होते, तेथे गुडघाभर चिखलात एक विधवा लावणी करीत होती. ती त्याच्या मृत भावाची बायको. सहा वर्षे तीच ती जमीन कसत होती. तिने माझ्याकडे काही मागितले नाही. तलाठी बांधापर्यंत येतो हेच तिला नवे होते. मी पंचांसमक्ष चौकशी करून तिचे नाव रकान्यात घातले. त्यावरून तक्रार झाली, वरिष्ठांकडून मला खुलासा विचारला गेला, एक वेतनवाढ काही काळ अडकली. नोंद मात्र टिकली. पुढे तिच्या मुलांच्या वारसतपासात तीच नोंद कामी आली असे ऐकले. गतसालच्या माझ्या खोट्या नोंदी मी त्याच खुलाशात स्वतः कबूल केल्या.

१९७५ साली माझी बदली झाली. आजी काही वर्षांनी गेल्या. घर आता बंद असते, आणि गेल्या शिवरात्रीला गेलो तेव्हा विहिरीकडची तगर छपराहून उंच गेलेली पाहिली. बी. एच. सी. भुकटीवर १९९७ साली देशात बंदी आली, पण तिच्या जागी दुसऱ्या बाटल्या प्रत्येक बाजारात मिळतात, आणि शहरांतल्या सोसायट्यांच्या कुंपणाला हल्ली तगर आणि कण्हेर सर्वत्र लावतात. म्हणून वाचकांस विनंती: पावसाळ्यात आपल्या तगरीखालच्या फरशीवर मिरीएवढ्या हिरव्या लेंड्या दिसल्या, तर बाटली आणण्यापूर्वी एक स्टूल आणावे, पान उलटून पाहावे, आणि झाडाखालचा पाचोळा महिनाभर झाडू नये. पालवी महिन्यात परत येते.